उजव्या हाताचा चुडो

बिजलीबाईने मोडलेला उजवा हात पोटाशी धरला, स्टूल मागे सरकवलं आणि भिंतीला पाठ लावून बसली. कंपाउंडर हातात बारीक कटर घेऊन पुढे येत होता, तो होता तिथेच थबकला.

"हात तोडून टाका," ती म्हणाली. "चुडोले हात लावू नोका."

उमरखेडच्या त्या दवाखान्यात तिने सकाळपासून सगळ्यांच्या नाकी नऊ आणले होते. हाड कोपराजवळ मोडलं होतं. सूज वर चढत चालली होती आणि वर दंडावर चुडो होता, खांद्यापासून कोपरापर्यंत गच्च बसलेल्या पांढऱ्या बांगड्या. लग्नात भावसिंगच्या नावाने दोन्ही दंडांवर चढल्या, त्या आजवर उतरल्या नव्हत्या. आता बांगड्यांच्या खाली मांस फुगून आलं होतं, बोटांची टोकं निळी पडत होती. प्लास्टरचं नंतर बघू, आधी चुडो कापायला हवा, असं डॉक्टर मघापासून सांगत होते.

पण बंजाऱ्याच्या बाईचा चुडो नवरा मेल्यावरच उतरतो. आणि बिजलीबाईचा नवरा आहे की गेला, हाच तर सगळा घोळ होता.

भावसिंग कापसाच्या ट्रकवर हमाल म्हणून आदिलाबादकडे गेला, तो गेलाच. फोन लागेना, निरोप नाही, कोणाला दिसला नाही. काही वर्षं वाट पाहून तांड्याच्या नायकाने बैठकीत विषय काढला. भावसिंग गेला असं धरा, बाईचा चुडो उतरवा आणि त्याचे दिवस करून टाका, म्हणजे सगळेच मोकळे. बिजलीबाई भर बैठकीत उठून उभी राहिली होती.

"माहा चुडो हाय तवर तो हाय. ज्याले घाई झाली असन, त्यानं आपल्या बायकोचा उतरवावा."

पुन्हा तांड्यात कोणाची ब्र काढायची छाती झाली नाही. तोंडाची बाई, कोण नादी लागणार?

दिवसा अशी तिखट, पण अंथरुणाला पाठ टेकली की तिच्या डोळ्याला डोळा लागायचा नाही. कुत्रं भुंकलं, कोणाची फटफटी वाजली, की ती उठून बसायची. खंगत चालली, तेव्हा सून रंजिताने तिला दाखवून आणलं आणि झोपेची गोळी सुरू झाली. गोळीने झोप दिली. झोपेबरोबर आणखी काय दिलं, ते मात्र बिजलीबाईने कोणाला कळू दिलं नाही. अर्धी झोप, अर्धी जाग अशा धुंदीत अंगणातून हाक यायची. बिजली, दार काढ. त्याचाच आवाज, त्याचाच तो जरासा चिडका सूर. ती उठायची आणि लटपटत्या पायांनी दाराकडे निघायची. एकदा चौकटीवर कपाळ फुटलं. एकदा चुलीच्या दगडावर आपटून अंगठ्याचं नख निघालं. रंजिता म्हणाली, गोळीनं पडून राह्यल्या तुम्ही, बंद करा. बिजलीबाईने बरं म्हटलं आणि गुपचूप एकीच्या दोन घ्यायला लागली. एवढ्या वर्षांनी त्याची हाक कानी पडत होती, त्यापुढे कपाळाचं काय घेऊन बसायचं? आज पहाटे दार तिने बरोबर उघडलं. बाहेर कोणी नव्हतं. तरी पाय पुढे पडला आणि ती ओट्यावरून उजव्या हातावर पडली.

डॉक्टर पुन्हा आले. या खेपेला त्यांनी खुर्ची ओढून घेतली.

"मावशी, गोळी किती घेता?"

"एकच."

"नाही साहेब," रंजिता हळूच म्हणाली. "पाकीट लवकर सरते."

डॉक्टरांनी मान हलवली. "या गोळीच्या अंमलात माणूस उठून चालतो आणि त्याला पत्ता नसतो. आज हात मोडला, उद्या खुबा मोडेल, मग कायमचं अंथरूण. गोळी आपण हळूहळू कमी करू, एकदम सोडायची नाही. पण आधी हा हात. आणखी उशीर केला तर बोटं वाचणार नाहीत."

"जाऊ द्या बोटं."

"अहो, असं कसं म्हणता?"

"म्या इकडं चुडो फोडला आन् तिकडं त्याचं काही झालं, तं? तुमी भरून देसान?"

"बांगड्यांनी कोणी जगत-मरत नाही, मावशी."

"तुमाले काय ठाव? तुमची बायको घरी वाट पाहून राह्यली असन. जासान तुमी संध्याकाळी."

दुसरा पेशंट बघून येतो म्हणून डॉक्टर बाहेर गेले.

तिचा मुलगा शाम सकाळपासून दाराशी उभा होता. त्याने रंजिताला चहा आणायला पाठवलं, आईसमोर उकिडवा बसला आणि गोरबोलीत, बंजाऱ्यांच्या बोलीत, बोलायला लागला. कंपाउंडरला कळू नये, एवढ्याचसाठी.

"याडी, बाप जित्ता हाय."

"मले ठाऊक हाय."

"तुले नाही ठाऊक. म्या पाह्यला त्याले."

बिजलीबाईने पोराकडे पाहिलं. लहानपणी खोटं बोलताना तो कान खाजवायचा. आता त्याचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते.

"कुठी?"

"आदिलाबादले. दिवाळीच्या आधी कामाले म्हनून गेलतो ना, तवा. चहाचं दुकान हाय एका बाईचं, तिथं कपबशा धूत होता. तिच्याच घरी राह्यते. मले पाहून खाली मान घातली त्यानं. चल म्हनलं घरी, तं म्हने, आता कोन्या तोंडानं येऊ."

आईच्या डोळ्यांत पाणी भरून आलं, ते पाहून शाम घाबरला. पण तिचा चेहरा उजळला होता. तांड्याने मारून टाकलेला तिचा माणूस कुठेतरी कपबशा धूत होता, एवढंच अजून तिच्यापर्यंत पोचलं होतं. त्या बाईचं मागून पोचलं. तेव्हा बिजलीबाईने पदराने नाक पुसलं.

"वाळला का?"

"नाही. चांगला हाय."

"कंबर दुखे त्याची."

"म्या नाही इचारलं."

"झोप लागते का रे त्याले?"

शामला हे अनपेक्षित होतं.

"लागते. दुपारी बाकड्यावर आडवा झाला की कोनी उठवल्याबिगर उठत नाही, असं ती बाई सांगे."

"बरं," ती म्हणाली.

"तुले सांगाचं होतं याडी. पन तू दाराकडं पाहून राह्यली होती. म्हनलं, पाहू द्यावं."

"रंजिताले ठाव हाय?"

"नाही."

"नोको सांगू. कोनालेच नोको सांगू."

तिने पोटाशी धरलेला हात सावकाश पुढे केला, दुखलं तसा ओठ चावला आणि कंपाउंडरला मराठीत म्हणाली, "ये बापू. काप."

कटर घुरघुरलं. पहिली बांगडी तडकली, मग दुसरी. तिच्या पदरावर पांढरा भुगा पडू लागला. चुडोखालची कातडी कोवळी आणि गोरी निघाली. लग्नानंतर तिला ऊन असं लागलंच नव्हतं. बिजलीबाई आपल्याच दंडाकडे परक्यासारखी बघत होती. रंजिता चहा घेऊन दारात आली आणि तिथेच उभ्या उभ्या रडायला लागली. तिच्या लेखी तिचा सासरा आत्ता, या खोलीत मरत होता.

"रडतं काहून?" बिजलीबाई म्हणाली. "मेलं-गिलं नाही कोनी. चहा दे त्या कापनाऱ्या पोराले, थकला तो."

शेवटची बांगडी निघाली. बोटांमध्ये हळूहळू रंग आला. डॉक्टरांनी येऊन बोटं दाबून पाहिली, आता काळजी नाही म्हणाले आणि प्लास्टरची तयारी करायला सांगून आत गेले. कंपाउंडरने तुकडे गोळा करून कागदात बांधले, पुडी शामच्या हातात दिली आणि कटर ठेवायला वळला.

"थांब बापू," बिजलीबाई म्हणाली.

तिने डावा हात टेबलावर ठेवला, पदर खांद्यावर सारला आणि त्या दंडावरचा चुडो उघडा केला.

"हा हात बरा हाय मावशी. याले काही नाही झालं."

"मले ठाव हाय," ती म्हणाली. "हा बी काप."

कंपाउंडरने शामकडे पाहिलं. शाम खिडकीबाहेर पाहत होता. कटर पुन्हा सुरू होईपर्यंत तिने हात हलवला नाही.