बिनव्याजी दिरहमची सॉफ्टी

मित्रांनो, जगाच्या अर्थव्यवस्थेचा भार ज्यांच्या खांद्यावर आहे, त्यांपैकी मी एक आहे. म्हणजे मी एक जुनी सॉफ्टीची मशीन आहे आणि आष्टीच्या बसस्थानकासमोर उभी असते.

दुबईतल्या एका हॉटेलाने मला काढून टाकलं, तेव्हा तिथे कामाला असलेल्या मतीनने मला विकत घेऊन आष्टीला बहिणीकडे, जिनतकडे, धाडलं. "व्याज आपल्याला हराम हाय," तो फोनवर म्हणाला. "फक्त माझे दिरहम परत कर. मी मागीन तवा." व्याज नाही म्हटल्यावर जिनतचा नवरा शफी इतका खूश झाला, की पुढचं कुणी ऐकलंच नाही.

पहिला उन्हाळा सुखाचा गेला. लग्नाची वऱ्हाडं माझ्यापुढे रांग लावायची. शफीने त्या जोरावर रंगीत छत्री आणि खुर्च्याही घेतल्या. कमाई रुपयांत, देणं दिरहमांत. आणि दिरहम डॉलरच्या दावणीला बांधलेला. पण रांग लांब असली की हिशेब आखूड होतो, मित्रांनो.

मग दूरच्या कुठल्याशा देशाचं दिवाळं निघालं. परदेशी पैसेवाल्यांनी घाबरून आपल्यासारख्या सगळ्याच देशांतून पैसा काढला. रुपया घसरला, आणि तेवढ्याच दिरहमांना जास्त रुपये लागू लागले. आपले पैसे बुडतील म्हणून मतीनही घाबरला. "याच महिन्यात सगळे दिरहम पाठव, न्हाईतर मशीन विक." तेही ऐन थंडीत, जेव्हा माझ्याकडे कुणी बघतसुद्धा नाही.

"तिकडं कुणी बुडालं, अन् तू कावून रडायलास बे?" शेळ्या राखणारा गहिनीनाथ शफीला म्हणाला.

"बडे लोक भ्यालेत. सगळीकडूनच पैसा काढायलेत."

"म्हंजे आमचा शेळीबाजार! एकीला खुरकूत निघाली, की गिऱ्हाईक चांगल्या शेळ्या बी सोडून पळतंय."

भंगारवाला आला. त्याने माझा भाव किलोवर केला. मी आतून थंड असतेच, त्या दिवशी बाहेरूनही झाले.

तेव्हा जिनतने फोन उचलला. "भाईजान, आता विकली तर तुमाला भंगाराचा भाव मिळंल. ऱ्हाऊ दिली तर समदे मिळतेल. पण रुपयात, अन् फक्त उन्हाळ्यात."

"अन् रुपया आणखी पडला तर?"

"तर इकडं येऊन सॉफ्टी खा. तुमाला लई स्वस्त पडंल."

मतीन हसला. हसला तिथेच फसला. मी वाचले.

तर मित्रांनो, ज्या नाण्यात कमाई, त्याच नाण्यात उधारी घ्या. वर्षानुवर्षांच्या कामाला 'मागीन तेव्हा'चा पैसा लावू नका. रांग असते तेव्हाच थंडीसाठी थोडं बाजूला टाका. जिनत टाकते, शफीला न सांगता. आणि आम्हा मशिनींना रोज धुवा.

एवढं बोलायला सवड मिळाली, कारण आष्टीत सकाळपासून लाईट नाही.