घरचा सर्वर

पूर्णेच्या रेल्वे ऑफिसात कारकून असलेल्या सिद्धोधनला एकच खूळ होतं. आपल्या माणसांच्या गप्पा परक्या कंपनीच्या तिजोरीत का ठेवायच्या? म्हणून त्यानं पुढच्या खोलीत टीव्हीखाली एक जुना कॉम्प्युटर बसवला, त्यात फुकट मिळणारं, कुणालाही उघडून बघता येणारं सॉफ्टवेअर घातलं आणि गावासाठी गप्पांचा सर्वर सुरू केला. नाव ठेवलं 'पूर्णा कट्टा'. जाहिरात नाही, पाळत नाही. असेच सर्वर गावोगाव निघावेत, घरं वेगळी असावीत पण बोलणं सगळ्यांचं सगळ्यांशी असावं, हे तो भेटेल त्याला ऐकवायचा. भेटणारे हल्ली रस्ता बदलायचे.

तरी माणसं जमली. पण सर्वर सिद्धोधनच्या घरी आहे म्हटल्यावर काही काम निघालं की लोक सरळ घरीच यायला लागले. पासवर्ड विसरला की चपला काढून आत. शेजारचा भुजंग तर आपली पोस्ट नीट बसली का ते बघायला रोज संध्याकाळी यायचा आणि कॉम्प्युटरकडे टक लावून बसायचा. देवगाव फाट्याहून एक कुटुंब आलं, आमचा फोटो तुमच्याकडं हाय म्हणं, असं सांगून. घरी आलेल्याला चहाशिवाय कसं पाठवायचं? सिद्धोधन खुर्चीतून न उठता आत आवाज द्यायचा आणि त्याची बायको बबिता आधण ठेवायची.

भांडण पेटलं ते गुलाबांवरून. जवळच्या चुडावा गावचा मोबाईल दुकानदार महारुद्र रोज सकाळी सगळ्यांना शुभ सकाळचे गुलाब पाठवायचा. जागा खातात म्हणून सिद्धोधननं ते पुसले. महारुद्र घरी येऊन, चहा पिऊन, भांडून गेला. सिद्धोधन पडला तत्त्वाचा माणूस. हे सॉफ्टवेअर कुणा एकाच्या मालकीचं नाही, पटत नसेल तर उचला आणि आपलं वेगळं चालवा, असं त्यानं ठणकावलं.

असं सांगितलं म्हणून कुणी खरंच उचलत नसतं. महारुद्रनं उचललं. थोड्याच दिवसांत 'चुडावा कट्टा' उभा राहिला. रंग गुलाबी, बाकी सगळं तेच. निम्मी पूर्णा तिकडे गेली. सिद्धोधनला वाईट वाटलं, आणि आपल्याच सांगण्याप्रमाणे वागलेल्या माणसाचा राग येतोय याची लाजही वाटली. पण राग लाजेपेक्षा जोरात होता. भुजंग म्हणाला, तोडा त्यांना. सिद्धोधननं चुडाव्याचा अख्खा सर्वर ब्लॉक करून टाकला. आता तिकडचं एक अक्षर इकडे दिसणार नव्हतं.

मग त्याच्या लक्षात आलं की माणसं फोन बघून हसतात आणि तो जवळ आला की गप्प होतात. ऑफिसात साहेबांनीच विचारलं, काल किती कप झाले म्हणून. त्याला काही उमजेना. शेवटी भुजंगनं मान खाली घालून कबूल केलं की तोही गुपचूप चुडाव्याला खातं उघडून बसलाय.

"वहिनी लिहायल्यात तिकडं," तो म्हणाला. "तुमच्या सर्वरवर अन् चहावर. लय भारी लिहायल्यात."

सिद्धोधन हादरला. बबितासाठी त्यानं पहिल्याच दिवशी पूर्णा कट्ट्यावर खातं उघडलं होतं, पासवर्डसुद्धा स्वतःच ठरवला होता. तिनं ते कधीच वापरलं नाही, हे त्याला आज कळत होतं. कुणाचं बोलणं कुणी अडवू नये म्हणून सर्वर काढणाऱ्यानं स्वतःच्या बायकोलाच अडवून ठेवलं होतं.

त्यानं ताबडतोब ब्लॉक काढला. तरी तिचं लिहिलेलं दिसेना. तिनं परवानगी दिलेल्यांनाच ते वाचता यायचं; भुजंगला होती, साहेबांना होती. सिद्धोधननं मुकाट्यानं रिक्वेस्ट पाठवली. आतल्या खोलीत तिचा फोन वाजला. पुढे काहीच झालं नाही.

जेवताना त्यानं विषय काढला. "रिक्वेस्ट पाठवलीय मी."

"बघितली. विचार करायलेय."

घरच्या माणसाला कसली आलीय परवानगी, असं तो जरा चढ्या आवाजात म्हणाला. बबितानं भाकरी त्याच्या ताटात ठेवली.

"लग्न झाल्यापासून चहा मागायलात. एकदा तरी रिक्वेस्ट पाठवली का?"

सिद्धोधन मनापासून ओशाळला आणि खाली मान घालून जेवत राहिला. हात धुतो न धुतो तोच महारुद्र दारात उभा. त्याचा सर्वर तासाभरापूर्वी बंद पडला होता आणि दुरुस्त करू शकेल असा ओळखीचा दुसरा माणूस त्याला आठवत नव्हता. सिद्धोधननं त्याला बसवलं, सवयीनं आत आवाज द्यायला तोंड उघडलं, मिटलं, आणि स्वतःच ओट्याकडे गेला. पातेलं सापडलं, साखर सापडेना. बबिता दाराला टेकून बघत होती.

"साखर कुठं हाय?" त्यानं हळूच विचारलं.

"वरच्या फळीवर. अन् चहा झाला की आधी भाऊजींचा सर्वर चालू करा. तो बंद हाय तवर तुमच्या रिक्वेस्टला मला हो म्हणता येईना."