बापाचा रकाना

"काका, या वहीत आई म्हणून कुणाला धरलंय तुम्ही?" माकडांचा अभ्यास करायला आलेल्या बाईंनी डोळ्यांवरची दुर्बीण खाली घेतली.

"जिच्या पाठीवर पिल्लू, ती आई. आणखी कोण?" वाटाड्या म्हणाला.

बाई हसल्या. "अहो, तो बाप आहे!"

वाटाड्यानं वर पाहिलं. फांदीवर जोडी शेपटीला शेपटी गुंफून बसली होती. दोघंही दिसायला अगदी सारखी. दर दहा मिनिटांनी पिल्लू कुणाकडे आहे ते पाहायचं आणि 'आई' किंवा 'बाप' या रकान्यात खूण करायची, एवढंच त्याचं काम. साठीत अक्षरं गिरवून शिकलेला गडी; दोन महिन्यांत एकही खूण चुकवली नव्हती.

"अधूनमधून ते दुसऱ्याकडे जातं, ते कशाला वाटलं तुम्हाला?"

"बापाशी खेळायला."

"दूध प्यायला, काका! पोट भरलं की आई त्याला परत बापाच्या अंगावर ढकलते. या जातीत दिवसभराचं ओझं बापाचंच."

वाटाड्याचे कान तापले. "मग सगळी वही फुकट गेली?"

"छे! रकान्यांची नावं बदलली की झालं. तुमच्या घरी लेकीला कोण उचलायचं हो?"

"मीच की," तो बोलून गेला.

परतीच्या वाटेवर ते दोन शब्द त्याला टोचत राहिले. लेक तीन वर्षांची असताना तापानं फणफणली होती. बायकोनं तिला कडेवर घेऊन दोन टेकड्या ओलांडल्या, दवाखाना गाठला. हा पुढे चालत होता, हात पाठीमागे बांधून. लोक हसतील म्हणून.

घरी लेक आपल्या तान्ह्या बाळाला थोपटत होती.

"दे जरा माझ्याकडे."

"तुमच्याकडे?" तिला हसूच आलं. "बाबा, मान धरावी लागते त्याची."

"शिकव मग." तो घुटमळला. "आज बाईंशी खोटं बोललो मी. म्हटलं, लहानपणी तुला मीच उचलायचो."

लेकीचा हात थोपटता थोपटता थांबला.

"आई असायला हवी होती हे ऐकायला," ती एवढंच म्हणाली. मग बाळाकडे बघत हळू आवाजात, "आत्ताच डोळा लागलाय. उठला की देते."

तो मोरीत गेला. कोपरापर्यंत हात साबणानं दोनदा धुतले, पुसून कोरडे केले आणि दाराशी येऊन बसला. दोन्ही हात समोर धरून, कशालाही न लावता.