बाबांच्या गाडीच्या सीटा

गल्लीत तिला सगळे सीटवालीच म्हणायचे. जुन्या गाड्यांच्या चामड्याच्या सीटा उसवायच्या, धुवायच्या, भरून पुन्हा शिवायच्या, हे काम ती सासऱ्यांच्या हाताखाली शिकली आणि ते गेल्यावर दुकान तिनेच चालवलं. फाटकं चामडं दिसलं की बाकीचे म्हणत, रेक्झिन टाका आणि मोकळे व्हा. ही आधी त्यावर हात फिरवायची आणि मगच काय ते सांगायची.

एका सकाळी धाकटा भाऊ टेम्पोतून सीटा घेऊन आला. वडिलांच्या गाडीच्या. वडील गेल्यापासून गाडी त्याच्या घरामागे पत्र्याखाली धूळ खात पडली होती.

"ताई, गाडी पुन्हा चालू करतोय. इंजिनाचं झालं सगळं. आईला मागे बसवून फिरवून आणू. सीटा तुझ्याशिवाय कुणाच्या हातात देणार?"

"आणि मी कुठे बसायचं?"

"तू आईशेजारी बस आणि मला शिव्या घाल. हळू चालव म्हणून."

ती खळखळून हसली. गिऱ्हाइकांची कामं मागे टाकून ती त्या सीटांना लागली. चामडं इतकं वाळलं होतं की घडी पडेल तिथे चीर जात होती. तिने साबणाच्या फेसाने मळ काढला, तेल चोळलं, ओल्या फडक्याखाली झाकून ठेवलं, पुन्हा तेल चोळलं. आतल्या काथ्यात उंदरांनी संसार थाटला होता, तो उपसून नवा भरला. चिरांना मागून पातळ तुकडे चिकटवले. रंग जुळेपर्यंत तिची बोटं तपकिरीच राहिली, आणि नवरा म्हणाला, "आता मलाही रंगवून टाक एकदाचा." शिवण मात्र तिने जुन्याच भोकांतून घेतली, दाभणाने, हातानेच.

भाऊ सीटा घेऊन गेला. मग ती फेरफटक्याची वाट बघत राहिली. फोन केला की तो म्हणायचा, ब्रेकचं काम निघालंय. पुढच्या वेळी म्हणाला, कागदपत्रं अडकलीत. तिला खरंच वाटलं.

एके दिवशी दुपारी गाडी दुकानासमोर येऊन थांबली. आवाज ओळखून ती तशीच बाहेर धावली. गाडीतून उतरला तो एक अनोळखी, हसतमुख माणूस.

"ह्या सीटा तुम्हीच केल्यात ना? गाडी ज्यांच्याकडून घेतली ते म्हणाले, एक ओळखीची बाई आहे, फार छान काम करते. फक्त ड्रायव्हरची सीट एका बाजूला दबलीये. तेवढी चूक राहिली बघा. सरळ कराल?"

ती चूक नव्हती. वडील दाराकडे रेलून गाडी चालवायचे आणि सीट त्यांच्या अंगाने तशी बसली होती. नवीन भरताना तिने तो उतार मुद्दाम तसाच ठेवला होता.

"कधी घेतलीत गाडी?" तिने विचारलं.

"ठरलं होतं केव्हाचंच. सीटांसाठीच अडलं होतं. जुन्याच हव्यात आणि चामड्याच्याच, ही माझी अट होती."

"ठेवून जा. उद्या न्या," ती कशीबशी म्हणाली.

शटर ओढून ती थेट भावाच्या घरी गेली. दार आईने उघडलं.

"अगं, कामाच्याच कपड्यांत आलीस?"

"गाडी विकली त्याने."

कुठली गाडी, कुणी, असं आईने काहीच विचारलं नाही. ती खाली बघू लागली.

"तुला माहीत होतं, आई."

"मीच म्हटलं त्याला, ताईला सांगू नकोस. केलं असतंस का मग?"

"केलं असतं. गिऱ्हाइकाचं काम म्हणून केलं असतं."

"तसं नको होतं गं. तू जीव ओतून केलंस, म्हणून तर गिऱ्हाईक टिकलं."

आतून भाऊ आला. "ताई, सांगणारच होतो तुला."

"ओळखीची बाई?"

त्याचा चेहरा उतरला. "बहीण म्हटलं असतं, तर त्याला वाटलं असतं, घरच्या घरी उरकलंय."

ती आरडाओरडा करायला आली होती, पण तशीच मागे वळली. पाणीही न घेता ती निघाली.

दुसऱ्या दिवशी तिने ड्रायव्हरची सीट उसवली. टाके तोडताना हात स्थिर होता. काथ्या सारखा करताना मात्र तिला मध्येच उठून तोंड धुऊन यावं लागलं. नवा मालक बसून खूश झाला. कुणाची गाडी होती, हे तिने त्याला सांगितलं नाही. त्या बिचाऱ्याचा काय दोष?

भावाचे फोन येत राहिले. ती उचलायची नाही. मग एक दिवस आईच दुकानात आली. कापडाच्या गठ्ठ्यावर बसून बराच वेळ तिचं शिवणं बघत राहिली.

"घरी येत नाहीस."

"काम असतं."

"खरंच काम असतं?"

"नाही," ती म्हणाली, आणि आईपुढे चहाचा कप ठेवून पुन्हा मशीनवर जाऊन बसली.