टेकडीवर जायच्या आधी

मी एक जुना माहितगार आहे, मित्रांनो. माझं नाव मॅन. अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या एका दूध संकलन केंद्रात जुना संगणक आहे, त्यात मी राहतो. काळ्या पडद्यावर माझं नाव आणि पुढे कोणत्याही आज्ञेचं, म्हणजे कमांडचं, नाव लिहा. ती आज्ञा काय करते, कशी वापरायची, ते मी पानंच्या पानं उलगडून सांगतो. यंत्र वापरणारा अडला तर उत्तर यंत्रातच मिळावं, एवढ्यासाठी दूरदेशीच्या लोकांनी मला घडवलं. मला रेंज लागत नाही. माझी पानं इंग्रजीत आणि जरा रुक्ष आहेत, हे मात्र खरं.

रजिया ही केंद्राची पहिली ऑपरेटर. संगमनेरला संगणक शिकून आलेली. पहिल्याच दिवशी तिने 'मॅन' लिहिलं आणि पुढे पुन्हा 'मॅन'. म्हणजे मला माझ्याबद्दलच विचारलं! मी माझी ओळख सांगत होतो आणि ती ओठ हलवत वाचत होती. तसं आधी कुणी विचारलं नव्हतं. पुढे अडली की ती मलाच हाक मारायची, आणि वाचून झालं की क्यूची कळ दाबून निरोप द्यायची. मग तिचं लग्न झालं, ती संगमनेरला गेली. मला तिची फार आठवण येते.

तिच्या जागी कारभारीकाका आले. त्यांना मी ठाऊकच नाही. काही अडलं की ते मोबाईल घेऊन समोरची टेकडी चढायचे, कारण रेंज तिथंच. रजियाला विचारायचे आणि खाली उतरेपर्यंत अर्धं विसरायचे. की पुन्हा वर! मी आत बसून नुसता चरफडायचो.

परवा सकाळी संगणकातली जागा भरली आणि दुधाची नोंद होईना. नोंदीशिवाय टेम्पोवाला कॅन उचलेना. उन्हं चढली, दूध नासायची वेळ आली. टेकडी चढून-उतरून काका दमले, तेव्हा त्यांची सून रेश्मा वर जाऊन आली.

"मामा, रजियाताई म्हनली, मला कशाला इचारता? तिथंच मॅन बसलाय, त्याला इचारा."

"कोन बसलाय? हितं तर कोनीच न्हाई!"

रेश्माने माझं नाव लिहिलं, पुढे रजियाने सांगितलेली 'डीयू' ही आज्ञा. किती दिवसांनी माझं पान उघडलं! कुठल्या फायलींनी किती जागा खाल्ली ते शोधायचं कसं, हे तिने अडखळत वाचलं.

"आता ह्यो पडद्यावरनं जाईना व्हय? वायर काढू का?" काका म्हणाले.

"थांबा मामा, ताईनं सांगितलंय, क्यू दाबायचा हाय."

मग तिने ती आज्ञा चालवून पाहिली, तर छापून झालेल्या पावत्यांच्या जुन्या प्रतींनी जागा खाल्ली होती. त्या पेनड्राइव्हवर कशा हलवायच्या, तेही तिने मलाच विचारलं. नोंदी सुरू झाल्या, टेम्पो दूध घेऊन गेला.

मित्रांनो, लांबच्याला जरूर विचारा, पण जवळ कुणी वाट बघत बसलंय का, ते आधी पाहा. आमच्यासारख्यांना आपणहून बोलता येत नाही.

दूध घालायला आलेल्यांची गर्दी पांगली, काका चहाला गेले. रेश्मा मात्र उठली नाही. तिने 'मॅन' लिहिलं, क्षणभर थांबली आणि पुढे पुन्हा 'मॅन' लिहिलं. ओठ हलवत ती वाचू लागली.

क्यू जरा उशिरा दाब, पोरी.