वहाणेची जागा

निवृत्त फौजदार रंगरावांना ओळखत नाही असा माणूस खामगावात भेटला, तर तो बाहेरगावचा समजावा. नोकरी सुटून सहा वर्षं झाली होती. पण लग्नाच्या मांडवात असोत की कापसाच्या बाजारात, कोणीतरी त्यांना धरून बसवीच आणि म्हणे, "साहेब, ते वरवटचं एकदा सांगा ना." मग रंगराव आढेवेढे घेत आणि सांगत.

वरवटचं म्हणजे वरवट बकालच्या महादेवरावांची कडब्याची गंजी जळाली ते प्रकरण. वीस वर्षांपूर्वीचं. गंजीला लागून गोठा होता, त्यात एक बैल जळून मेला. साक्षीदार कोणी नाही. सारं गाव तोंड मिटून बसलेलं. आणि रंगरावांनी सकाळी राखेच्या कडेला डाव्या पायाची एक वहाण शोधून काढली. गावच्या चांभारानं ती ओळखली: पुंजाजीची. पुंजाजीचं आणि महादेवरावांचं शेताच्या वाटेवरून वाजलेलं होतंच. पुंजाजीला दीड वर्षाची शिक्षा झाली, रंगरावांना वरून शाबासकीचं पत्र आलं. पत्र चौकटीत घालून त्यांनी ओसरीवर लावलं होतं.

या कीर्तीमुळेच इंग्रजीचे प्राध्यापक वैजनाथ त्यांच्याकडे आले. वैजनाथांनी दोन वर्षं खटपट करून गावात चित्रपट मंडळ काढलं होतं. त्या रविवारी सकाळी टॉकीजमध्ये जपानी चित्रपट दाखवायचा होता. मुंबईहून पत्र्याच्या डब्यांतून रेल्वेनं जलंब स्टेशनपर्यंत आणि तिथून पुढे छोट्या गाडीनं तो येऊन पोचला होता.

"गुन्ह्याच्या तपासावरचा आहे," वैजनाथ म्हणाले. "जगभर नावाजलेला. चित्रपट संपल्यावर तुम्ही तपासावर दोन शब्द बोलावेत. अधिकारी माणूस बोललेला बरा."

रंगरावांनी आयुष्यात पाहिलेले सिनेमे बोटांवर मोजण्याइतके, तेही देवादिकांचे. पण 'अधिकारी माणूस' हे शब्द त्यांना आवडले. त्यांनी चार पानं भाषण लिहून काढलं. वरवटचं प्रकरण तिसऱ्या पानावर होतं.

रविवारी टॉकीज निम्मं भरलं. वकील, मास्तर, दोन डॉक्टर, आणि जपानी बायका कशा दिसतात ते पाहायला आलेले जिनिंगमधले चार कारकून. रंगरावांना पुढे खुर्ची होती, तिच्यावर धुतलेली चादर. पडद्यावर खाली इंग्रजी अक्षरं उमटत आणि वाचेवाचेतो पुसली जात, म्हणून वैजनाथ कडेला ध्वनिक्षेपक घेऊन मराठीत सांगत होते. जपानी नावं त्यांच्या जिभेवर बसेनात. शेवटी त्यांनी एकाला मोठे साहेब, दुसऱ्याला नावाडी आणि तिसऱ्याला घड्याळवाला करून टाकलं.

घड्याळवाला खून होऊन आपल्या दारापुढच्या बर्फात पडला होता. मोठे साहेब टोपी सावरत आले. बर्फ, धुकं, लाकडी पूल, सगळं काळं-पांढरं. कोणी फारसं बोलत नव्हतं. कारकुनांपैकी एकानं मोठ्यानं जांभई दिली. रंगराव मात्र सरसावून बसले. साहेबाची चाल, खाली वाकणं, हवालदाराला मागे थांबवून एकट्यानं पुढे जाणं, हे सारं त्यांच्या ओळखीचं होतं. इंग्रजी नको की मराठी नको.

पुलाजवळ साहेबाला एका पायाची लाकडी चप्पल सापडली. नावाड्याची. साहेब थोडा वेळ तिच्याकडे पाहत उभा राहिला. मग त्यानं मागे वळून पाहिलं, हवालदार लांब होता, आणि बुटाच्या टोकानं ती चप्पल त्यानं हळूहळू ढकलत नेली. चार पावलं, दहा पावलं, घड्याळवाल्याच्या दारापर्यंत. बर्फावर एक बारीक रेघ उमटली. ती त्यानं दुसऱ्या पायानं पुसली.

वैजनाथ काही बोलले नाहीत. सांगण्यासारखं कोणी काही बोललंच नव्हतं.

रंगरावांचा पाय बुटात आखडला. वरवटची ती वहाण राखेच्या कडेला नव्हतीच. ती विहिरीजवळ होती, गंजीपासून चांगली साठ पावलं दूर. विहिरीवर तर गावातल्या कोणाचीही वहाण राहू शकते. म्हणून पंचनाम्यात त्यांनी 'गंजीलगत' असं लिहिलं होतं. एक शब्द. पंचांनी न वाचताच अंगठे उठवले होते. वीस वर्षांत त्या शब्दानं त्यांना एकदाही त्रास दिला नव्हता. सांगता सांगता त्यांना स्वतःलाच ती राखेत दिसू लागली होती.

पडद्यावर पुढे व्हायचं ते झालं. नावाड्याला शिक्षा झाली, साहेबाला पदक मिळालं, आणि मग दोन वर्षांनी घड्याळवाल्याचा भागीदार दारूच्या भरात खुनाबद्दल बरळला. नावाडी निर्दोष होता. शेवटी साहेब नावेतून नावाड्याच्या घरी गेला. नावाडी तुरुंगातच वारला होता, म्हातारी आई होती. साहेबानं चटईवर डोकं टेकलं. म्हातारीनं त्याच्यापुढे चहा ठेवला. ती शेवटपर्यंत एक शब्द बोलली नाही.

दिवे लागले. वैजनाथांनी रंगरावांची ओळख करून दिली. रंगराव उभे राहिले, पण चार पानं खिशातून निघाली नाहीत.

"तपास करणारा माणूसच असतो," ते म्हणाले. "माणसाची चूक होते. माझ्याही हातून झाली असंल." आणि बसले.

लोकांनी एवढ्या टाळ्या वाजवल्या की वैजनाथांना हात वर करून त्या थांबवाव्या लागल्या. बाहेर पडताना एक वकील दुसऱ्याला म्हणाला, "एवढं नाव मिळवलं, पण गर्व म्हणून नाही."

घरी रंगराव जेवले नाहीत. बायकोनं, गोजरबाईंनी, ताट झाकून ठेवलं आणि काय झालं ते विचारलं. त्यांनी सगळं सांगितलं: विहीर, वहाण, एक शब्द. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती, पण विहिरीची गोष्ट त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या.

"मग आता काय करता म्हणता?"

"वरवटले जातो. माफी मागतो."

"वीस वर्सं हे सुचलं नाही," गोजरबाई म्हणाल्या. "जपानी माणसानं सांगितलं तवा सुचलं."

गुरुवारी ते एस.टी.नं शेगावमार्गे वरवट बकालला उतरले. पुंजाजी कसा असेल याचं चित्र त्यांनी वाटेत मनाशी रंगवलं होतं. पडक्या भिंती, खंगलेला माणूस. आपण ओट्यावर डोकं टेकू, तो काही बोलणार नाही.

पुंजाजीचं घर गावात कोणालाही माहीत होतं. दारापुढे मांडव, मांडवात वीस-पंचवीस माणसं, चहाची किटली फिरत होती. पंचायत समितीची निवडणूक पंधरा दिवसांवर आली होती आणि पुंजाजी उभा होता. पन्नाशीचा, अंगानं भरलेला, पांढरा फेटा. रंगरावांना पाहताच त्यानं ओळखलं. मांडवातले आवाज एकेक करत बंद पडले.

"या साहेब," पुंजाजी म्हणाला. "कसं काय येणं केलं?"

"तुह्याशी एकट्याशी बोलायचं हाये."

पुंजाजी त्यांना मागल्या गोठ्यात घेऊन गेला. दोन बैल रवंथ करत होते. रंगरावांनी टोपी काढून हातात घेतली. वाटेत जुळवलेली वाक्यं आठवेनात.

"ते वहाण गंजीपाशी नव्हती," ते म्हणाले. "विहिरीपाशी होती. म्या खोटं लिहिलं. तुले निर्दोष असून जेलात पाठवलं. माफी मागाले आलो."

पुंजाजीनं एका बैलाच्या पाठीवरून हात फिरवला. मग गोठ्याचं दार लोटून घेतलं आणि आवाज उतरवून म्हणाला, "साहेब, गंजी म्याच पेटवली होती."

"मग वहाण विहिरीपाशी कशी गेली?" रंगरावांच्या तोंडून निघालं.

"पेटवली, आन् पायाले राख लागली म्हनून विहिरीवर धुवाले गेलो. कोणाची तरी चाहूल लागली. घाईत एक वहाण तशीच राह्यली. बैल आत बांधलेला असंल हे मले ठाऊक नव्हतं. त्या बैलाचं वाईट वाटते, आजही. म्या त्याले मुद्दाम मारलं नाही."

"मग कोर्टात तू शपथ घेऊन..."

"कोर्टात म्या काय म्हनलं ते आठवा. माही वहाण गंजीपाशी नव्हती, फौजदार खोटं बोलून राह्यले, एवढंच म्हनलं. ते खरंच होतं. मले चांगलं रडू आलं. लोकायले पटलं. तुमी खरं लिहिलं असतं, त मले खोटं बोला लागलं असतं, आन् ते मले जमत नाही. माह्या तोंडावर दिसते."

बाहेर मांडवात कोणीतरी खोकललं.

वीस वर्षांत रंगराव पहिल्यांदाच खात्रीनं बरोबर ठरले होते, आणि हे ऐकायला दोन बैलांखेरीज कोणी नव्हतं. त्यांना हसू यायला हवं होतं की राग, ते कळेना. टोपी डोक्यावर घालावी की नाही, हेही कळेना.

"आता आलेच हा त एक करा," पुंजाजी म्हणाला. "मघा मले जे सांगितलं ते मांडवात सांगा."

"काऊन? तू त गुन्हेगार हायेस."

"मी हाये. पण तुमी जे लिहिलं ते खोटंच होतं ना? तुमी माफी मागाले आले ना? मागा. म्या काही खोटं बोलाले नाही सांगत."

उलटतपासणीतही रंगरावांना कोणी इतकं साफ अडवलं नव्हतं.

ते मांडवात आले. पुंजाजीनं त्यांना खुर्ची दिली, पण ते उभेच राहिले. वहाण कुठं होती आणि पंचनाम्यात काय लिहिलं, तेवढंच त्यांनी सांगितलं. 'निर्दोष' हा शब्द त्यांनी काळजीपूर्वक टाळला. कोणाच्या ते ध्यानात आलं नाही. माणसांनी तो आपणहून घालून घेतला.

दाराच्या चौकटीत पुंजाजीची बायको केसरबाई उभी होती. ती पुढे आली. रंगरावांना वाटलं, ही शिव्या देईल, आणि तेच बरं वाटलं.

"साहेब," ती म्हणाली, "हे जेलात गेले तवा मी पहिलटकरीण होती. माहेरचे म्हणत, सोड त्या चोराले. मी म्हनलं, माहा माणूस खोटं बोलत नाही. एवढ्याच्या भरवशावर मी अठी राह्यली." तिनं पदरानं डोळे पुसले. "उशिरा आले, पण आले. बसा, चहा घ्या."

रंगरावांनी पुंजाजीकडे पाहिलं. पुंजाजी मांडवाच्या खांबाकडे पाहत होता, जणू तो सरळ रोवला आहे की नाही ते आजच तपासायचं होतं. आत्ता एक वाक्य बोललं असतं, तर सगळं जागच्या जागी आलं असतं: प्रकरण, शाबासकी, चौकटीतलं पत्र. रंगरावांनी बशीत चहा ओतला आणि फुंकर घालून प्यायले. चहात साखर फार होती.

"झालं का मन हलकं?" घरी आल्यावर गोजरबाईंनी विचारलं.

"माफी मागितली," रंगराव म्हणाले.

"त्यानं केलं माफ?"

"केलं."

रंगराव ओसरीवर गेले. शाबासकीचं पत्र त्यांनी खिळ्यावरून काढलं. मग वाटलं, माणूस तर बरोबरच पकडला होता. पुन्हा लावलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढलं. शेवटी गोजरबाईंनी ती चौकट उचलून माळ्यावर टाकली आणि खिळ्याला कॅलेंडर अडकवलं.

आठ दिवसांनी वैजनाथ आले, हातात एक गुलाबी पत्रक. शेगावच्या बसमध्ये कोणीतरी वाटत होतं. वर पुंजाजीचा फेटेवाला फोटो, खाली ठळक अक्षरांत: 'खुद्द फौजदारांनी घरी येऊन माफी मागितली! सत्यासाठी चार वर्षे तुरुंग भोगलेल्या माणसालाच मत द्या.'

"फार मोठं मन लागतं याला," वैजनाथ भारावून म्हणाले. "एका चित्रपटानं केवढं घडवलं. मंडळाच्या अहवालात लिहिणार आहे मी."

रंगरावांनी चष्मा लावून पत्रक दोनदा वाचलं. मग कोनाड्यातून शिसपेन्सिल काढली, 'चार' खोडलं आणि वर नीट अक्षरात 'दीड' लिहून कागद वैजनाथांच्या हाती परत दिला.