माउसमधली गोळी

तिने माउस उताणा केला, खालची चकती अंगठ्याने फिरवली आणि आतली रबरी गोळी तळहातावर काढली. काडीपेटीतल्या काडीने तिने आतले दोन्ही बारके रूळ खरवडले. काडीला काहीच लागलं नाही. लागणार कुठून? सकाळीच तिने ते पुसले होते.

"नीट बघ, धागा अडकला असेल," मागून नवरा म्हणाला. "रेघ मध्येच उडी मारते."

"बघतेय ना."

नवरा घरांचे नकाशे काढायचा. ड्रॉइंग बोर्ड सोडून तो कॉम्प्युटरवर आला तो गोळीच्या माउसवरच, आणि तिथेच थांबला. नवे माउस त्याला फार हलके वाटत. श्वास सोडला तरी पळतात, म्हणायचा. गेले काही महिने त्याच्या भिंती वाकड्या येत होत्या आणि प्रत्येक वेळी खापर माउसवर फुटत होतं. मग ती जुन्या बाजारात जाऊन दुसरा हुडकून आणायची. साऱ्या जगाने भंगारात काढलेली वस्तू शोधत फिरायचं म्हणजे नाकी नऊ येत, पाय तर रोजच भरून येत.

तो चहा आणायला आत गेला. तिने गोळी बसवली, त्याच्या खुर्चीत बसली आणि सहज एक रेघ ओढली. रेघ सरळ आली. दुसरी ओढली, तीही सरळ. स्वयंपाकघरातून तो येत होता. बशीवर कप सारखा वाजत होता. तिने घाईघाईने दोन्ही रेघा पुसून टाकल्या. तिला फार थकल्यासारखं झालं, आणि भीतीही वाटली.

त्याने कप ठेवला. निम्मा चहा बशीत होता.

"काय झालंय त्याला?"

"हाही गेलाय," ती म्हणाली. "दुसरा बघून येते."

"आत्ता? राहू दे गं."

"बाईंचा नकाशा उद्या द्यायचाय ना?"

बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. घर बांधीन तर यांच्याच नकाशावर, असा हट्ट धरून त्या थांबल्या होत्या. हल्ली एवढं एकच काम त्याच्याकडे उरलं होतं.

जुन्या कॉम्प्युटरच्या दुकानदाराने तिला लांबूनच ओळखलं.

"या वहिनी! पुन्हा उंदीर पळाला वाटतं?"

एरवी ती हसली असती. आज तिने नुसता हात पुढे केला. पण नेहमीचं खोकं काही त्याने पुढे ओढलं नाही.

"संपले," तो म्हणाला.

त्याच्या पायाशी खोकं होतं. त्यातून माउसच्या वायरी बाहेर लोंबत होत्या.

"हे काय मग?"

दुकानदाराने मान खाजवली. खोटं बोलणं त्याच्या अंगात नव्हतं.

"परवा दादा येऊन गेले. म्हणाले, माउस सगळे चांगलेच आहेत, माझा हातच ऐकत नाही. पण तिला सांगू नका. ती आली की संपले म्हणा, उगाच उन्हातान्हात हिंडते."

तिला नवऱ्याचा राग आला आणि त्या रागातच डोळे भरून आले. तिने पिशवीचा बंद ओढून घेतला.

"संपलेच असतील मग," ती म्हणाली आणि निघाली.

नवरा दारातच उभा होता.

"मिळाला?"

"संपले म्हणतो."

त्याचे खांदे एकदम सैल पडले. "चला, सुटलीस. बाईंना कळवून टाकतो, दुसऱ्या कुणाकडून करून घ्या म्हणून."

चपला काढून ती सरळ त्याच्या खुर्चीत जाऊन बसली आणि तिने तोच माउस हाताखाली घेतला.

"कुठून सुरू करायचं? तुम्ही नुसतं सांगा."

तो स्टूल ओढून तिच्या शेजारी बसला आणि उजवा हात त्याने मांडीखाली दाबून धरला.

"पुढच्या भिंतीपासून," तो म्हणाला. "डावीकडून घे. हळू. अजून जरा... हां, बास."

रेघ सरळ आली. तो पडद्याकडे बघत राहिला.

"गेला होता ना हा?" त्याने हळूच विचारलं.

"दार केवढं ठेवू?" ती म्हणाली.